डाव्या पायाचा ठसा

हिरापेठेनं आपला खेळाडू कधी विकला नाही. कोल्हापुरातल्या पेठांच्या तालमी फुटबॉल खेळायला लागल्या त्याला शंभराहून जास्त वर्षं होऊन गेली. मैदानातली माती जाऊन कृत्रिम गवत आलं, दुकानदारांच्या वर्गणीची जागा प्रायोजकांनी घेतली, आणि हिरापेठ तालीम मंडळाचा ‘हिरापेठ फुटबॉल क्लब’ होऊन तो देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायला लागला. एवढं सगळं बदललं, रिवाज तेवढा राहिला. बाहेरचा खेळाडू पैसे मोजून आणलेला चालायचा, घरचा पैसे घेऊन घालवलेला चालत नसे. फार पूर्वी पेठेतला एक जण पैशासाठी पलीकडच्या तालमीची जर्सी घालून खेळला होता. त्याच्या घरी गल्लीतल्या लग्नांच्या पत्रिका जायच्या बंद झाल्या. तो वारला तेव्हा खांद्याला चौघं जमले खरे, पण त्यातले दोघं सासरवाडीचे होते, हे लोक अजून चवीनं सांगत.

क्लबची खजिनदार होती वैजयंता सरनोबत. धंद्यानं करसल्लागार, पेठेच्या तोंडी वैजूआक्का. माणूस समोर येऊन बसला की ती आधी त्याच्या चपला बघायची, मग त्याचं बोलणं ऐकायची, आणि दोन्हींचा मेळ बसला तरच चहा सांगायची. तालमीच्या कारभारात यायला तिला कुणी बोलावलं नव्हतं. आधीच्या खजिनदारानं चार वर्षांची बिलं पोत्यात भरून ठेवली, आणि ते पोतं उपसायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून ती आली.

अध्यक्ष उत्तमराव इंगवले, म्हणजे आबा, गुळाचे व्यापारी. मन मोठं. अडचण एवढीच, की ते दुसऱ्याच्या पैशानं जास्त मोठं व्हायचं. मागच्या हंगामात त्यांनी सर्बियाचा एक स्ट्रायकर आणला, त्याला समुद्राकडं तोंड असलेला बंगला देऊ असं करारात लिहून दिलं, आणि कोल्हापुरात समुद्र नाही हे लक्षात आल्यावर रंकाळ्याकाठी बंगला घेऊन दिला. स्ट्रायकरनं गोल तीन केले. त्यातला एक आपल्याच जाळ्यात.

मार्चच्या सुरुवातीला लीगची नोटीस आली. तालमीच्या दालनात, मारुतीच्या आणि शाहू महाराजांच्या तसबिरींखाली, कारभारी मंडळी गाद्यांवर बसली होती. वैजयंतानं नोटीस वाचून दाखवली नाही. वाचली असती तर निम्म्यांना झोप लागली असती. तिनं सरळ सांगितलं.

“तोटा मर्यादेबाहेर गेलाय. महिनाअखेर भरून काढला नाही तर परवाना रद्द. पुढच्या हंगामात हिरापेठ लीगमध्ये नाही.”

“पोरी, अगं खर्च केल्याबिगर नाव हुतं व्हय?” आबा म्हणाले.

“नाव झालंय की, आबा. नोटिशीवर झोकात छापलंय.”

कुणीतरी हसलं, आणि आबांनी बघितल्यावर खोकल्यासारखं केलं.

“लोकांकडून गोळा करू. आपली पेठ हाय. मागितलं तर किडनी देतील.”

“किडनीचा जमाखर्च मला येत नाही. आणि लोकांनी दोनदा दिलंय. तिसऱ्यांदा मागायला तुम्ही जावा, मी पावत्या फाडते.”

आबा गादीवर जरा मागं सरकले. मग वैजयंता बोलली, आणि त्या बोलण्याची तयारी तिनं आठवडाभर केली होती. आठवडाभर केली म्हणूनच ते इतकं सोपं वाटलं.

“एक वस्तू आहे आपल्याकडं. दिगूचा डावा पाय.”

दिगू म्हणजे दिग्विजय, तिचा धाकटा भाऊ. तिशीला टेकलेला, मधल्या फळीत खेळणारा. धाव साधारण, डोकं थंड, पण डाव्या पायानं फ्री किक मारायला उभा राहिला की समोरचा गोलरक्षक आधीच देवाचं नाव घ्यायचा. चेंडू अडवायला उभ्या खेळाडूंच्या भिंतीच्या बाहेरून निघायचा, सुटला सुटला वाटेपर्यंत आत वळायचा आणि खांबाला चाटून जाळ्यात जायचा. त्या वळणाचं देशात नाव होतं.

“खेळाडू इकायचा न्हाई,” तीन-चार आवाज एकदम उठले.

“खेळाडू नाही विकायचा. ठसा विकायचा.”

ठशाची गोष्ट तेव्हा नवी असली तरी सगळ्यांच्या कानांवर होती. सायकल शिकलेला माणूस कसा पडत नाही, पोळी लाटणारा हात न बघता कसा फिरतो, हे सगळं डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत साठलेलं असतं. शिकलेली हालचाल म्हणजे तिथल्या पेशींनी एकमेकींशी जुळवून घेतलेली एक लय. ही लय कायमची घट्ट असते असं पूर्वी वाटायचं. मग लक्षात आलं, की आपण ती नीट मन लावून आठवतो तेव्हा काही तासांपुरती ती ओली होते आणि मग पुन्हा वाळते. ओली असताना डोक्यावरच्या टोपीतून ध्वनिलहरींनी तिचा ठसा घेता येतो, आणि तशीच टोपी घालून सराव करणाऱ्या दुसऱ्या माणसात तो उतरवता येतो. दहा वर्षांची मेहनत दोन महिन्यांत. आणि ती लय ओली असतानाच तिला वाळू दिलं नाही, तर मूळ माणसातून ती निघून जाते.

हे शेवटचं, मूळ माणसातून काढून टाकायचं कलम विकत घेणाऱ्यांनी करारात घातलेलं. एका वळणाचे दोन मालक झाले की भाव निम्मा होतो, हे तर गुळाच्या व्यापाऱ्यालाही कळण्यासारखं होतं.

“म्हंजे पोरगं जाणार न्हाई?” आबांनी विचारलं.

“पोरगं इथंच.”

“जर्सी?”

“आपलीच.”

“मग जाणार काय?”

“वळण.”

गाद्यांवरची माणसं सैल झाली. पेठेचं नाक शाबूत राहत होतं, आणि नाकापलीकडं बघायची कुणाला गरज वाटली नाही. वैजयंतालाही नाही. उत्तरेतल्या एका श्रीमंत क्लबानं सांगितलेल्या किमतीत सगळा तोटा भरून निघत होता. शिवाय दिगूचे गुडघे आणखी दोन-तीन वर्षं चालणार, त्यानंतर त्या वळणाची किंमत शून्य. शून्य होणारी वस्तू वेळेत विकणं यालाच जबाबदारी म्हणतात, असं तिचं मत होतं. ते मत चुकीचंही नव्हतं.

दिगूला तिनं संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर गाठलं. म्हशी समोर उभ्या होत्या, पिळणाऱ्याच्या हातातला पेला फेसानं भरत होता. दिगूच्या ओठावर दुधाची मिशी होती. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता की म्हशीकडं बघत होता, सांगणं कठीण.

“मग मी काय मारायचं? पेनल्टी?” त्यानं विचारलं.

“पळशील, पास देशील. बाकी सगळं राहतंय.”

“आणि न्हाई दिलं तर?”

“तर पेठ लीगमधनं बाहेर. क्लबावर चाळीस घरं चालतात, दिगू. मैदानावर पाणी मारणाऱ्या शंकरमामापासनं.”

त्यानं पेला पालथा केला. “आक्का, तू म्हणशील तिथं सही. मला त्यातलं काय कळतंय? तू बघितलंस न्हवं नीट?”

“बघितलं.”

“मग झालं की. दूध घे, गार व्हालंय.”

आई लवकर गेली होती, आप्पा दिगूच्या पहिल्या मोठ्या हंगामाआधी गेले. घरात ही दोघंच. दिगूनं आजवर एकही कागद वाचून सही केली नव्हती, आणि त्याचं काही वाईट झालं नव्हतं, कारण वाचायला आक्का होती.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर नेत्रा वाकणकर सरळ बाई होत्या. त्यांनी काही लपवलं नाही.

“हालचाल नीट ओली व्हायची तर नुसतं मारून भागत नाही,” त्या म्हणाल्या. “ती शिकली तेव्हाचं आठवावं लागतं. जागा, माणसं, वास, सगळं. त्यामुळं आजूबाजूचं थोडं झिजू शकतं.”

“किती?” वैजयंतानं विचारलं.

“एकूण स्मृतीचा विचार केला तर अगदीच कमी. अर्धा टक्कासुद्धा नाही.”

अर्धा टक्का. तिच्या धंद्यात एवढ्यासाठी कुणी दुसऱ्यांदा पान उलटत नसे. तिनं मान हलवली आणि दिगूला खूण केली. किती जाणार ते तिनं विचारलं. काय जाणार ते विचारायचं राहून गेलं.

सहा दिवस दिगू टोपी घालून प्रयोगशाळेच्या मागच्या मैदानात किक मारत होता. पहिल्या दिवशी एका तंत्रज्ञानं काचेआडून विचारलं, “हे काय करतात ते मारण्याआधी?”

दिगू किक मारण्याआधी डाव्या बुटाचं टोक मागं जमिनीवर दोनदा आपटायचा. टक, टक. मग पळत यायचा.

“आमच्या आप्पांची सवय,” वैजयंता म्हणाली.

आप्पा शिरोलीच्या फाउंड्रीत होते. वितळलेल्या लोखंडाचा थेंब उडून डाव्या पायाचा अंगठा भाजला, तो पुढं वाकडाच राहिला. बूट त्याला रुतायचा. म्हणून पायात बूट नीट बसावा यासाठी ते टोक आपटायचे. रात्रपाळी संपवून ते घरी यायचे नाहीत, सात वर्षांच्या दिगूला घेऊन तसेच मैदानावर जायचे, अंगाला काळी वाळू आणि धुराचा वास घेऊन. भिंतीवर खडूनं गोल काढायचे आणि त्याला मारायला लावायचे. दिगूनं त्यांच्याकडून वळण उचललं, आणि अंगठा धडधाकट असून ते आपटणंही उचललं.

तंत्रज्ञानं ती हालचाल बिनकामाची म्हणून काढून बघितली. वळण बसेना. शेवटी ठशात ती तशीच ठेवावी लागली.

फाउंड्रीत ओतकाम बाहेर काढायचं तर वाळूचा साचा फोडावाच लागतो. हे ऐकत वैजयंता लहानाची मोठी झाली होती. त्या सहा दिवसांत ते तिला एकदाही आठवलं नाही.

पैसे आले. परवाना वाचला. पेठेत गुलाल उडाला, आबांनी दिगूच्या गळ्यात हार घातला आणि भाषणात त्याग हा शब्द इतक्यांदा घेतला की दिगू शेजारच्याला म्हणाला, “ह्यो माणूस मला वर पाठवतोय काय?”

पहिल्या महिन्यात सगळं ठीक होतं. सरावात त्यानं एकदा फ्री किक मारून बघितली. चेंडू सरळ भिंतीतल्या पोराच्या पोटात गेला. पोरं हसली, दिगूही हसला. जे गेलंय ते काय होतं हेच त्याला जाणवत नव्हतं, त्यामुळं दुःख करायलाही काही हाताशी नव्हतं. वळण कुणाकडं गेलं ते कागदात होतं, आणि कागद नेहमीसारखा आक्कानं वाचला होता.

मग आप्पांचं श्राद्ध आलं. पान वाढताना वैजयंता सहज म्हणाली, “आप्पा असते तर तुला आजही सुट्टी दिली नसती. उठवून मैदानावर नेलं असतं.”

“आप्पा?” दिगू म्हणाला. “आप्पा कधी न्यायचे मला मैदानावर?”

ती थांबली. हातात खिरीची वाटी होती.

“दिगू. रात्रपाळीवरनं आले की. भिंतीवर खडूचा गोल.”

त्यानं मनापासून आठवून बघितलं. ते तिला दिसलं, आणि ते बघणं सगळ्यांत वाईट होतं. कपाळाला आठ्या घालून, उत्तर येतंय असं वाटणाऱ्या शाळकरी पोरासारखा तो बसला.

“न्हाई गं. आप्पा फाउंड्रीत असायचे न्हवं? मला त्यांचा फोटोच आठवतोय जास्त. आणि दवाखान्यातलं.” मग तिचा चेहरा बघून त्यानं घाईनं पुढं जोडलं, “तू म्हणतीस म्हंजे नेलं असंल.”

आप्पांची आठवण म्हणून त्याच्याकडं मैदानावरच्या तेवढ्याच सकाळी होत्या. बाकीचा वेळ आप्पा पाळीवर तरी असत, नाहीतर झोपलेले. आयुष्याचा अर्धा टक्का. पण बाप सगळा त्यातच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याला फोन लावला.

“ठसा परत दिगूत घालता येईल?”

“येईल,” डॉक्टर म्हणाल्या. “मालकी त्या क्लबाची आहे. ते काय किंमत सांगतील, त्यावर आहे.”

“आणि आजूबाजूचं? आठवणी?”

“त्या ठशात नसतात, मॅडम. आम्ही फक्त किक घेतो.”

त्याच आठवड्यात आबांनी तालमीत पेढे वाटले. स्पेनचा एक गोलरक्षक ठरला होता. वैजयंतानं रक्कम ऐकली आणि पेढा परत ठेवला.

“हे पैसे कुठले?”

“तूच मोकळीक करून दिलीस की,” आबा खुशीत म्हणाले. “तोटा भरला, वर शिल्लक राहिली. आता नियमानं आपल्याला खर्चाला वाव हाय. लीगचं पत्रच आलंय तसं. आर्थिक शिस्तीबद्दल अभिनंदन.”

“आबा, तो माझ्या भावाचा पाय आहे.”

“पेठेचा पाय हाय, वैजू,” आबा म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हीच तर पंचाईत. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. “दिगू पेठेचं पोरगं. त्याच्या पैशानं असा संघ बांधतो की बघच.”

ती राजीनामा लिहून बसली होती. मग तिनं तो ठेवून दिला. ती गेली असती तर पुन्हा पोत्यात बिलं भरली गेली असती, आणि दिगूचा पगार त्या पोत्याच्या तळाशी गेला असता.

तो उत्तरेतला क्लब हिवाळ्यात कोल्हापुरात खेळायला आला. स्टेडियम दुपारपासून भरलं. हिरापेठ एका गोलनं पुढं होती, ती स्पेनच्या गोलरक्षकाच्या कृपेनं, हे मान्य करायला हवं. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना दिगूला बदली म्हणून आत घेतलं. आल्या आल्या त्यानं एकाला पाडलं. गोलसमोरच्या पेटीच्या बाहेर, डावीकडं फ्री किक.

हिरापेठेची भिंत उभी राहिली. कडेला दिगू.

पांढऱ्या जर्सीतला त्यांचा खेळाडू पुढं आला. लालरुआता, मिझोरामचा, बाविशीतला. त्यानं चेंडू ठेवला, चार पावलं मागं गेला. मग डाव्या बुटाचं टोक मागं जमिनीवर आपटलं. टक. टक.

स्टेडियममधला गोंगाट कुणीतरी हातानं पुसल्यासारखा गेला. पंधरा हजार माणसं होती आणि प्रत्येकाला ती सवय पाठ होती. वैजयंताच्या शेजारी शंकरमामा बसले होते, मैदानावर पाणी मारणारे, आप्पांच्या वयाचे. ते उठून उभे राहिले.

“गणपा,” ते हळूच म्हणाले. ते आप्पांचं नाव होतं.

वैजयंतानंही बघितलं. एक परका मुलगा, देशाच्या दुसऱ्या टोकावरून आलेला, ज्याच्या अंगठ्याला कधी काही झालं नव्हतं, आप्पांच्या भाजलेल्या अंगठ्याला जपत उभा होता. डावा खांदा जरासा खाली, तसाच. मग तो पळत आला.

भिंतीतल्या सगळ्यांनी उडी मारली, दिगू सोडून. चेंडू त्याच्याच बाजूनं बाहेर गेला. तो सुटला असं वाटून दिगू वळून बघत राहिला. चेंडू आत वळला, खांबाला चाटला आणि जाळ्यात गेला.

कुणी ओरडलं नाही. मागून एक म्हातारं माणूस नाक पुसताना तेवढं ऐकू आलं. आणि मैदानावर एकच माणूस टाळ्या वाजवत होता. दिगू. चांगल्या किकला तो नेहमी वाजवायचा, समोरच्या संघाची असली तरी. ती सवय त्याची स्वतःची होती, म्हणून राहिली होती.

सामना बरोबरीत सुटला. दोघं चालत गंगावेशीला आली. कट्ट्यावर रोजच्यासारखी गर्दी होती, पण आज दिगूला कुणी हाक मारली नाही. लोक त्याच्याकडं बघून लगेच दुसरीकडं बघत होते. म्हशीवाल्यानं पेला दिला आणि पैसे घेतले नाहीत. दिगूला त्याचं नवल वाटलं.

“आज काय झालंय सगळ्यांस्नी? हरलो तर न्हाई की.”

“दमलेत,” वैजयंता म्हणाली.

त्यानं अर्धा पेला संपवला. मग आठवून म्हणाला, “कसलं मारलं गं त्या पोरानं. मला वाटलं, गेला बाहेर. कुणी शिकवलं असंल त्याला?”

ती पिळणाऱ्याच्या हातांकडं बघत राहिली.

“पण बूट का आपटत होता त्यो? बघितलंस काय, दोनदा?” दिगूनं पेला कट्ट्यावर ठेवला आणि उजव्या पायानं तसं करून बघितलं. जमलं नाही. “अंगठ्याला काय तर लागलंय त्याच्या. बूट रुततोय.”

“हो,” वैजयंता म्हणाली. “भाजलंय.”

“भाजलंय?” त्याचा चेहरा कळवळला. “आणि तसंच खेळवत्यात? पैशापायी माणसं काय पण करत्यात बघ.” ओठावरची दुधाची मिशी त्यानं पालथ्या हातानं पुसली. “घरचं कुणी न्हाई काय गं त्याला, बघणारं?”